खासगी ईमेल न विचारता नेटवर टाकले. कायद्याने काय करता येतं?

अबोली

मदत हवी आहे, जरा तातडीने.

एका स्वयंसेवी गटात मी काही वर्षं काम करत होते. तिथल्या एका सहकाऱ्याशी कामाच्या जोडीने घरचंही बोलणं व्हायचं, बहुतेक सगळं ईमेलवर. वडिलांचं आजारपण, त्या दिवसांत मला झोप न लागणं, त्यासाठी सुरू झालेल्या गोळ्या, गटातल्या बाकीच्यांबद्दलची मतं. पुढे मतभेद झाले आणि मी गट सोडला. आता या गृहस्थांनी माझे बरेच मेल स्वतःच्या ब्लॉगवर टाकलेत. नाव, ईमेल पत्ता, सहीखालचा फोन नंबर, काहीही झाकलेलं नाही. अनोळखी लोकांचे फोन यायला लागलेत.

वर मेल पूर्णही टाकलेले नाहीत. एकात मी लिहिलं होतं, ‘तू म्हणतोस तसं असेल तर हिशेबात गडबड आहे, पण मला तसं अजिबात वाटत नाही.’ ब्लॉगवर यातले मधलेच तीन शब्द आहेत, ठळक अक्षरांत: ‘हिशेबात गडबड आहे’. ज्या काकू हिशेब बघायच्या त्यांनी मला फोन करून विचारलं, तू असं लिहिलंस?

मजकूर काढा म्हणून कळवलं तर उत्तर आलं, ‘मेल मला आलेत, माझ्या इनबॉक्समध्ये आहेत, त्यांचं काय करायचं ते मी बघेन.’

असं असतं का खरंच? पाठवलेल्या मेलवर आपला काहीच हक्क उरत नाही? पोलिसांत जाऊ, वकील गाठू, की ज्या कंपनीच्या सेवेवर तो ब्लॉग आहे तिला लिहू?

चौकस

वाचून वाईट वाटलं. त्यांनी केलं ते चूकच, त्यात दुमत नाही. पण कायद्याने ते बरोबर असावेत असं मला वाटतं. पत्र पोस्टात टाकलं की ज्याच्या नावाचं त्याचं होतं. मेलचं वेगळं काय असणार?

सर्व्हरवाला

कायद्याचं जाणकार सांगतीलच. त्याआधी एक काम आजच करा, कारण उद्या तो मजकूर बदललेला किंवा उडवलेला असू शकतो.

ब्लॉगच्या प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या, वरचा पूर्ण पत्ता आणि संगणकावरची तारीख-वेळ दिसेल असा. नुसता मजकुराचा तुकडा कापून ठेवू नका. ते पान पीडीएफ म्हणूनही जतन करा, आणि वेबॅक मशीनसारख्या संग्रहात नोंदवता आलं तर नोंदवा. मात्र तिथली नोंद सार्वजनिक राहते, म्हणून फोन नंबर असलेल्या पानासाठी तो मार्ग टाळा. खालचे प्रतिसादही घ्या.

आणि तुमचे स्वतःचे मूळ मेल ‘सेंट’मधून डाउनलोड करून ठेवा, ईएमएल फाइलच्या रूपात. त्यात हेडर म्हणजे मेलची तांत्रिक माहिती असते: कधी लिहिला, कोणाला, मेसेज-आयडी (त्या मेलचा खास क्रमांक) काय. हिशेबाच्या वाक्याबद्दल उद्या कोणी म्हणालं की तुम्ही मागाहून शेपूट जोडलंत, तर ही फाइल उपयोगी पडेल. मूळ मेल फॉरवर्ड करून ‘जतन’ करू नका, त्यात हेडर नवा बनतो. खातं बंद करायचा विचारही आत्ता नको.

वकीलबाई

सर्व्हरवाला यांचं अगदी बरोबर. त्यात भर एवढीच की कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावी लागते. हे प्रमाणपत्र ऐच्छिक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात ठामपणे सांगितलंय. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. म्हणून कुठल्या संगणकावर, कोणी, कधी जतन केलं, याची साधी नोंद वहीत ठेवा.

आता चौकस यांच्या मुद्द्यावर. हा समज इतका पसरलेला आहे की सविस्तर लिहिते. (मी दिवाणी बाजूला वकिली करते. इथलं लेखन ही सर्वसाधारण माहिती आहे. अबोली, कागदपत्रं बघून सल्ला देणारा वकील तुम्हाला लागेलच.)

कागद मिळालेल्याचा, हे खरं. पण त्यावरचा मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. हा वाद इंग्लंडमध्ये १७४१ सालीच कोर्टात गेलाय. कवी अलेक्झांडर पोपची पत्रं एडमंड कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्याने न विचारता छापली. कर्लचं म्हणणं, पत्र पाठवणं म्हणजे ते भेट देणं, मग देणाऱ्याचा हक्क कुठे उरला? लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांना ते पटलं नाही. पत्र मिळालेल्याची मालकी फार तर कागदावर. जगापुढे छापायची मुभा त्यातून मिळत नाही, असं त्यांनी ठरवलं. मात्र मनाई हुकूम दिला तो पोपने लिहिलेल्या पत्रांपुरता. पोपला आलेल्या पत्रांसाठी नाही, कारण ती त्याने लिहिलेली नव्हती. हा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा हेच तत्त्व पाळतो. तुम्ही लिहिलेला मजकूर ही ‘साहित्यकृती’ होऊ शकते, तिला साहित्यिक दर्जा असावा लागत नाही. नोंदणी लागत नाही, लिहिलंत की हक्क आला. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखक. ‘उद्या पाचला भेटू’ एवढ्या ओळीला संरक्षण मिळणार नाही, थोडी तरी स्वतःची घडण हवी. पण वडिलांच्या आजारपणाबद्दल मनापासून लिहिलेले परिच्छेद म्हणजे तुमचं लेखन आहे, याबद्दल मला शंका नाही.

कलम ५५ खाली मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. कलम ६२ मुळे दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, त्यांच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आणि कलम ५७ बघा: लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मजकुराची मोडतोड केली तर लेखकाला स्वतंत्र हक्क आहे. तुमच्या वाक्यातले मधलेच तीन शब्द उचलले, तिथे हे कलम मांडून बघता येईल.

चौकस

वकीलबाई, धन्यवाद. समजूत बदलली. पण मग त्यांनी शब्द न उचलता आपल्या भाषेत सारांश लिहिला असता तर? ‘या बाईंना अमुक गोळ्या चालू होत्या’ असं?

वकीलबाई

नेमका प्रश्न. कॉपीराइट शब्दांच्या मांडणीला असतो, माहितीला नाही. सारांश लिहिला तर कॉपीराइट बहुधा हात टेकतो. तिथे दुसरा हक्क येतो, खासगीपणाचा. या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत की तक्रारीचा चुथडा होतो: कॉपीराइट विचारतो ‘हे कोणी लिहिलं’, खासगीपणा विचारतो ‘हे कोणाबद्दल आहे’.

खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातला मूलभूत हक्क आहे, हे २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं. पण त्याआधी, १९९४ मध्येच, आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की माणसाचं स्वतःचं, कुटुंबाचं, लग्नाचं, मुलांचं आयुष्य याबद्दल संमतीशिवाय कोणी छापू नये, मजकूर खरा असो वा खोटा. छापलं तर नुकसानभरपाईचा दावा लागतो. अपवाद दोन: जे आधीच सार्वजनिक नोंदींत आहे ते, आणि सरकारी अधिकाऱ्याने पदावर असताना केलेलं काम. ‘खरं असलं तरी’ हा भाग महत्त्वाचा. समोरचा म्हणेल, मी खोटं कुठे लिहिलं? तुमच्या गोळ्यांची गोष्ट खरी आहे म्हणून ती चव्हाट्यावर मांडायची मुभा त्याला मिळत नाही.

हिशेबाच्या वाक्याला अब्रुनुकसानीचीही बाजू आहे. तुमच्या तोंडी तुम्ही न मांडलेलं मत घातलं गेलंय, आणि त्यात त्या काकूंचीही बदनामी झालीय. त्यांना पूर्ण मेल दाखवा, आजच. नंतर कधीतरी दावा लावायचा असेल तर अब्रुनुकसानीची मुदत प्रसिद्धीपासून एकच वर्ष आहे, कॉपीराइटची तीन वर्षं.

दूरदेशी

मी युरोपात असतो, इथलं सांगतो, कारण अबोलींची हकिकत वाचताना मला एक खटला सारखा आठवत होता.

स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या बाई चर्चमध्ये स्वयंसेवक होत्या. त्यांनी स्वतःच्या वेबपानावर सहकाऱ्यांची नावं, काहींचे फोन नंबर टाकले, आणि एका सहकारी बाईंच्या पायाला दुखापत झाल्याने त्या अर्धवेळ रजेवर आहेत असंही लिहिलं. द्वेषाने लिहिलेलं काही नव्हतं. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. २००३ मध्ये न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पायाच्या दुखापतीचा उल्लेख ही आरोग्याची माहिती आहे, तिला विशेष संरक्षण आहे. आणि जगातल्या कोणालाही उघडता येईल अशा पानावर माहिती टाकली की ‘हे माझं घरगुती काम आहे’ हा बचाव चालत नाही.

२५ मे २०१८ पासून इथे जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा संरक्षण कायदा, लागू आहे. त्याच्या कलम १७ खाली माहिती पुसून टाकायची मागणी करता येते. पत्रकारिता आणि अभिव्यक्तीसाठी सूट आहे, पण वैयक्तिक हेवेदाव्यातून कोणाच्या गोळ्यांची यादी छापणं त्यात बसवणं फार अवघड जाईल.

भारताच्या २०२३ च्या डेटा कायद्यातही अशी काही सोय आहे ना?

वकीलबाई

दूरदेशी, लिंडक्विस्टची आठवण फार समर्पक. आपल्या २०२३ च्या कायद्याकडून मात्र अबोलींसारख्यांनी मोठी आशा धरू नये. व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तो लागू होत नाही. उघडा ब्लॉग ‘वैयक्तिक’ नाही असा युक्तिवाद मी जरूर करेन, पण त्या कायद्यात होणारा दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मिळत नाही.

सर्व्हरवाला

आता ब्लॉगच्या सेवेकडे तक्रार कशी करायची ते. इथे लोक हमखास चुकतात. ‘माझी बदनामी झालीय, माझ्या भावना दुखावल्यात, ताबडतोब काढा’ असं लांबलचक लिहितात आणि छापील उत्तर येतं.

कंपनी अमेरिकी असेल तर तिथला हिशेब समजून घ्या. बदनामी आणि खासगीपणाच्या बाबतीत वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुरासाठी तिथला कायदा (१९९६ चं कलम २३०) कंपनीला जबाबदार धरत नाही. पण त्या संरक्षणातून बौद्धिक संपदा वगळलेली आहे. कॉपीराइटसाठी १९९८ चा डीएमसीए (अमेरिकेचा डिजिटल कॉपीराइट कायदा) आहे, आणि रीतसर सूचना मिळून कंपनीने मजकूर हटवला नाही तर तिचं स्वतःचं संरक्षण जातं. म्हणून खासगीपणाच्या तक्रारीला जी कंपनी दाद देत नाही, तीच कॉपीराइटच्या सूचनेवर हलते.

दोन सावधगिऱ्या. ही सूचना शपथेवर असते, खोटा दावा महागात पडतो. आणि तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जाऊ शकतो, तेव्हा घरचा पत्ता न देता वकिलाचा द्या. समोरच्याने ‘मजकूर चुकीने हटवला’ अशी प्रतिसूचना दिली तर तुम्ही दावा लावलेला नसल्यास १० ते १४ कामकाजी दिवसांत मजकूर परत येतो.

फोन नंबर आणि पत्त्यासाठी गुगलचा वेगळा अर्ज आहे. त्याने ब्लॉगवरचं काही पुसलं जात नाही, पण नावाने शोधल्यावर ते पान दिसणं थांबू शकतं. फोन येताहेत म्हणता, तर हे आधी करा.

वकीलबाई

भारतीय कायद्यात याचं समांतर आहे, कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(क) आणि २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५. लेखी तक्रार मिळाल्यावर सेवेने ३६ तासांत मजकुराचा रस्ता बंद करायचा, आणि तो २१ दिवस बंद ठेवायचा. पण तक्रारीतच लिहून द्यावं लागतं की मी दावा दाखल करून या मुदतीत कोर्टाचा आदेश आणून देईन. न आणल्यास मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. त्यामुळे वकील आधी ठरवा, मग तक्रार पाठवा. उलटं करू नका, २१ दिवस बघता बघता जातात.

काजवा

मी सगळं वाचतेय आणि अस्वस्थ होतेय. अबोलींवर अन्याय झालाय, मान्य. पण मी दुसऱ्या बाजूला होते. एका वरिष्ठाने मला रात्री-अपरात्री जे मेल पाठवले ते आजही डोळ्यांपुढे येतात. ‘हे लेखन त्याचं, कॉपीराइट त्याचा, तू गप्प बस’ असं मला कायदा सांगणार असेल तर तो कोणाच्या बाजूचा? कित्येक बायकांकडे पुरावा म्हणून फक्त असे मेल असतात.

वकीलबाई

काजवा, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. कायदा तुम्हाला गप्प बसायला सांगत नाही.

ते मेल पोलिसांना, वकिलाला, कार्यालयातल्या तक्रार समितीला देणं याला कोणताही कॉपीराइट आडवा येत नाही. न्यायालयीन कामकाजासाठी मजकुराची प्रत काढणं हे कलम ५२ मधल्या स्पष्ट अपवादात आहे. टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी रास्त वापरही मोकळा आहे. जवळच्या मैत्रिणीला दाखवून ‘काय करू’ विचारलंत, तर त्याला कोणी गुन्हा म्हणणार नाही.

उघड छापणं वेगळं, आणि तिथेही दार पूर्ण बंद नाही. सार्वजनिक हित असेल, छापलेला भाग त्या हितापुरताच असेल, तर कोर्ट ते बघतं. ब्रिटनमध्ये डचेस ऑफ ससेक्स (मेगन मार्कल) यांनी वडिलांना लिहिलेलं पत्र वृत्तपत्राने छापलं, तो खटला बघा. २०२१ मध्ये त्या खासगीपणा आणि कॉपीराइट दोन्हींवर जिंकल्या. अपील न्यायालयाने म्हटलं की पत्राबद्दल आधी छापून आलेली चुकीची माहिती खोडायला त्यातला अगदी लहानसा भाग छापणं कदाचित समर्थनीय ठरलं असतं. अर्धं पत्र छापणं नाही. काय आणि किती, हे दोन्ही प्रश्न तिथे तोलले जातात.

एक धोक्याची जागा सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या २०१३ च्या कायद्यात कलम १६ आहे. समितीकडे तक्रार केल्यावर तिचा मजकूर, तक्रारदार, समोरचा आणि साक्षीदार यांची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. हे कलम तुमच्याही रक्षणासाठी आहे, पण अनेकींना ते माहीत नसतं, आणि मग रागाच्या भरात टाकलेली पोस्ट समोरच्याच्या हातात कोलीत देते.

काजवा

कलम १६ खरंच माहीत नव्हतं. समजावून सांगितल्याबद्दल आभार. माझं म्हणणं एवढंच की धागा वाचणाऱ्या कुणा मुलीने ‘मेल कोणालाच दाखवायचे नसतात’ असं समजून ते डिलीट करू नयेत.

अबोली

काजवा, तुमचा मुद्दा मलाही मनापासून पटतो. माझ्या मेलमध्ये कोणाला वाचवणारं किंवा कोणाचा गुन्हा उघड करणारं काही नव्हतं. वडिलांचं आजारपण होतं.

अजून विचारायचं होतं. माझ्या प्रत्येक मेलखाली ‘हा संदेश गोपनीय आहे’ अशी ओळ आपोआप यायची. तिचा उपयोग होईल? आणि पोलिसांत जावं का?

वकीलबाई

त्या ओळीने एकट्याने करार होत नाही. समोरच्याने ते मान्य केलेलं नसतं, आणि बाजारभावापासून वाढदिवसाच्या शुभेच्छांपर्यंत सगळ्याखाली ती येत असल्याने तिचं वजन कमी होतं. याउलट तुम्ही एखाद्या मेलमध्ये स्वतःच्या शब्दांत ‘हे तुझ्यापाशीच ठेव’ लिहिलं असेल आणि त्याने ‘अर्थात’ म्हटलं असेल, तर ती दोन वाक्यं सोन्यासारखी. विश्वासाने सांगितलेलं त्याने मान्य करून घेतलं होतं, हे त्यातून दिसतं. शोधा असं काही सापडतं का.

पोलिसांबद्दल सरळ सांगते. ‘मिळालेला मेल प्रसिद्ध करणं’ असा स्वतंत्र गुन्हा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई हे कलम लोक खासगीपणा म्हणून पुढे करतात, पण ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रांपुरतं आहे. ७२ए लागतं ते करारान्वये सेवा देताना मिळालेली माहिती फोडणाऱ्याला. आणि आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं जुनं ६६ए तर २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात रद्दच झालं, तरी त्याचं नाव तक्रारींत अजून दिसतं.

पण तुमचा पासवर्ड वापरून किंवा खात्यात घुसून कोणी मेल काढले असतील तर चित्र पालटतं. कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय कलम ४६ प्रमाणे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे भरपाईचा अर्ज करता येतो, पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी. ही वाट फार कमी लोक वापरतात. ‘पैसे दे, नाहीतर मेल टाकतो’ अशी धमकी असेल तर ती खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. आणि तुमचा नंबर बघून एखादा पुरुष नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा फोन करत असेल तर त्याच संहितेचं पाठलागाबद्दलचं कलम ७८ लावता येतं. त्या क्रमांकांची यादी ठेवा.

कॉपीराइट भंगाचाही फौजदारी गुन्हा असतो, कलम ६३. पण खासगी मेलच्या भांडणात तो दांडका म्हणून वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला मजकूर उतरवायचा आहे, माणूस आत टाकायचा नाही.

प्रश्नचिन्ह

ऑफिसच्या ईमेलवरून लिहिलेलं असेल तर?

वकीलबाई

नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं असेल तर कॉपीराइट सहसा मालकाचा, कलम १७ मध्येच तसं आहे. मग कॉपीराइटची तक्रार कंपनीने करायची. ऑफिसच्या खात्यावरून तुम्ही घरगुती दुःख लिहिलं असेल तर ते नोकरीचं काम नव्हे, तिथे तुमचा दावा टिकू शकतो, फक्त वाद वाढतो. आणि चौकशीत सगळंच बाहेर यायची शक्यता असते. एन्रॉन बुडाल्यावर अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांचे लाखो मेल खुले केले. त्यात व्यवहारांच्या जोडीला लोकांच्या घरच्या गोष्टीही होत्या, आणि तो साठा आजही संशोधक वापरतात.

अबोली

वकील ठरले. तक्रारीचा मसुदा करतेय. मी असं लिहिलंय: ‘सदर ब्लॉगवरील संपूर्ण ईमेल-व्यवहार माझ्या मालकीचा असून तो हटवावा.’ पुरेल का?

वकीलबाई

‘संपूर्ण’ काढा. पोपचा मनाई हुकूम त्याच्याच पत्रांपुरता होता, तोच भाग इथे लागतो. त्या साखळीत त्यांची उत्तरंही आहेत, ती त्यांची. त्यांच्या मजकुरावर तुम्ही हक्क सांगितलात की अख्खी तक्रार संशयास्पद होते, आणि निराधार धमकी दिली म्हणून कलम ६० खाली तेच तुमच्यावर दावा लावू शकतात.

असं लिहा: ‘या पत्त्यावरील नोंदीत “वडिलांना काल” पासून “नंतर बोलू” पर्यंतचा मजकूर मी लिहिला आहे. तो प्रसिद्ध करण्याची परवानगी मी कोणालाही दिलेली नाही. हा वापर कलम ५२ मधील कोणत्याही अपवादात बसत नाही, कारण त्यात टीका वा वार्तांकन नसून माझ्या कौटुंबिक बाबींचा मजकूर आहे.’ प्रत्येक नोंदीसाठी पत्ता वेगळा, सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द वेगळे. मूळ मेलची प्रत जोडा. फोन नंबर आणि आरोग्याच्या माहितीची तक्रार त्याच सेवेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्जाने करा, त्यात कॉपीराइटचा शब्द नको. तिथे दाद लागली नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

आणि कृपा करून ब्लॉगखाली स्वतः किंवा मित्रमैत्रिणींकरवी उत्तरं लिहू नका. प्रत्येक प्रतिसादाने ते पान शोधात वर येतं, आणि चिडून लिहिलेली तुमची एक ओळ कोर्टात त्यांच्या बाजूने वाचली जाते.

अबोली

थोडी बातमी. फोन नंबर असलेल्या नोंदी सेवेने बंद केल्या. कॉपीराइटच्या तक्रारीवर बाकीच्या बहुतेक नोंदीही दिसेनाशा झाल्यात. हिशेबाचं वाक्य मात्र अजून आहे. तीन शब्दांना कॉपीराइट लावता येत नाही, असं उत्तर आलं. वकिलांनी त्यासाठी अब्रुनुकसानीची नोटीस वेगळी पाठवली आहे आणि मनाई हुकुमाचा अर्ज पुढच्या तारखेला आहे. काकूंना पूर्ण मेल दाखवला. त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्यायची तयारी दाखवली.

एका जुन्या मेलमध्ये ‘हे कोणाला सांगू नकोस’ आणि त्याखाली त्यांचं ‘नाही सांगणार’ असं सापडलं. वकिलांनी ते अर्जात पहिल्या पानावर घेतलंय.

वकीलबाई

छान. हिशेबाच्या वाक्याबद्दल सेवेचं उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही, तीन शब्द फारच थोडे आहेत. त्याची मुख्य जागा अब्रुनुकसानीतच. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर अशा मजकुरासाठी सेवा साधारणपणे कोर्टाच्या आदेशाची वाट बघतात, म्हणून अर्जात सेवेलाही पक्षकार केलंय ना, ते वकिलांना विचारून घ्या.

प्रश्नचिन्ह

शेवटचं विचारतो. माझ्या काकांच्या निधनानंतर त्यांचे मेल एका परिचितांनी टाकायला सुरुवात केलीय. आता तक्रार कोण करणार?

वकीलबाई

वारस. खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो असंच आपली न्यायालयं सहसा मानतात. मद्रास उच्च न्यायालयाने जयललिता यांच्या भाचीच्या खटल्यात तेच म्हटलं. पण कॉपीराइट मालमत्तेसारखा वारसांकडे जातो. हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाला तर, कलम २४ प्रमाणे, पहिल्या प्रकाशनानंतर ६० वर्षं संरक्षण आहे, आणि कलम ४ म्हणतं की मालकाच्या परवानगीशिवाय टाकलेलं ‘प्रकाशित’ धरायचंच नाही. म्हणजे त्या परिचितांच्या पोस्टमुळे ही ६० वर्षं मोजायला सुरुवातसुद्धा होत नाही. काकांनी मृत्युपत्र केलं असेल तर ते आणि वारसांचे कागद काढून ठेवा. तक्रारीत मालकी दाखवायला तेच लागतील.